एकच रक्त, दोन आकडे

गेल्या महिन्यात सोमवारच्या ओपीडीत एक जोडपे आले. बाई तिशीच्या आतली, लग्नाला चार वर्षे झालेली. दिवस राहत नाहीत म्हणून तपासण्या सुरू होत्या. तालुक्याच्या गावी केलेल्या तपासणीत टीएसएच 5.6 आले. रिपोर्टवर आकडा ठळक अक्षरात आणि शेजारी वर जाणारा बाण. तिथल्या डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी लिहून दिली आणि ही आता जन्माची, असेही सांगून टाकले. सासूबाई म्हणाल्या, गोळी सुरू करण्याआधी एकदा दुसरीकडे बघून घ्या. अकरा दिवसांनी शहरातल्या लॅबमध्ये रक्त दिले. तिथे टीएसएच 4.1, ना ठळक अक्षर, ना बाण. नवऱ्याने दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि विचारले, ‘मॅडम, यातला खोटा कुठला?’

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतेच. आणि ‘दोन्ही खरे असू शकतात’ हे माझे उत्तर बहुतेकांना पटत नाही. डॉक्टरीणबाई लॅबवाल्यांना सांभाळून घेतात, असाच भाव चेहऱ्यावर असतो.

त्या दोन कागदांच्या तळाशी, जिथे कोणी बघत नाही तिथे, बारीक अक्षरात तपासणीची पद्धत छापलेली होती. एकावर ईसीएलआयए, दुसऱ्यावर सीएमआयए. म्हणजे दोन वेगळ्या कंपन्यांची यंत्रे, दोन वेगळी किट. पहिल्या रिपोर्टवर सामान्य मर्यादा 0.27 ते 4.2 अशी होती, दुसऱ्यावर 0.35 ते 4.94. या दोन मर्यादा रोज हजारो रिपोर्टांवर छापल्या जातात, पण त्या एकसारख्या का नाहीत असे कोणी विचारत नाही. पहिल्या पद्धतीचे आकडे दुसरीपेक्षा चढे येतात हे जीवरसायनशास्त्राच्या लोकांना चांगले ठाऊक आहे. तेच रक्त एकाच दिवशी दोन्ही यंत्रांत घातले तरी टीएसएचमध्ये 30 टक्क्यांच्या आसपास तफावत पडू शकते. त्यात या बाईंनी पहिल्यांदा रक्त दिले सकाळी सातला आणि दुसऱ्यांदा नवरा कामावरून आल्यावर दुपारी चारनंतर. टीएसएच रात्री चढते, पहाटेनंतर उतरू लागते आणि दुपारी सर्वांत खाली असते. पद्धत वेगळी, वेळ वेगळी. मग 5.6 चे 4.1 झाले यात नवल काय?

नवल नसले तरी परिणाम मोठा आहे. एका कागदाच्या हिशेबाने ही बाई आजारी, जन्मभर गोळी खाणारी. दुसऱ्या कागदाच्या हिशेबाने धडधाकट. मूल होत नाही म्हणून आधीच चार लोकांचे चार शब्द ऐकणाऱ्या बाईच्या माथी ‘हिला थायरॉइड आहे’ हा शिक्का बसणे म्हणजे काय, ते आपल्याकडे वेगळे सांगायला नको.

हे असे का होते ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल. रक्तातली साखर किंवा सोडियम मोजणे त्या मानाने सोपे, कारण ती भरपूर असतात. हॉर्मोन मात्र अतिशय सूक्ष्म प्रमाणात असतात आणि त्यांच्या आजूबाजूला त्यांच्यासारखेच दिसणारे शेकडो रेणू असतात. 1950 च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी यावर तोड काढली. इन्सुलिनला नेमके पकडणारे प्रतिपिंड वापरून त्यांनी रक्तातले इन्सुलिन मोजले. या शोधाचे पेटंटही त्यांनी घेतले नाही. 1977 मध्ये यालो यांना नोबेल मिळाले. बर्सन 1972 मध्येच वारले होते. आज कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होणारी हॉर्मोनची जवळजवळ प्रत्येक तपासणी ही त्याच कल्पनेची नात-पणती आहे. किरणोत्सर्गी खूण गेली, तिच्या जागी प्रकाश सोडणारे रसायन आले, एवढाच मोठा फरक.

पण प्रतिपिंड हा शेवटी गळ आहे. प्रत्येक कंपनीचा गळ वेगळा. कोणाचा रेणूच्या या टोकाला अडकतो, कोणाचा त्या टोकाला; कोणाच्या गळाला भलताच मासाही लागतो. शिवाय ज्याच्याशी तुलना करून आकडा काढायचा, ते प्रमाण द्रावणही प्रत्येक कंपनीचे आपापले. आजोबांच्या पिढीला पायली आणि शेर आठवत असतील. एका भागातली पायली दुसऱ्या भागातल्या पायलीएवढी भरेलच असे नसे. देशभर एकच माप असावे म्हणून 1956 मध्ये कायदा झाला आणि किलो-लिटर आले. हॉर्मोनच्या बाबतीत आपण अजून बऱ्याच अंशी पायलीच्याच काळात आहोत. फरक इतकाच, की तेव्हा गिऱ्हाइकाला पायली कुठली ते ठाऊक असायचे.

सगळ्या तपासण्या सारख्याच वाईट आहेत असे नाही. टीएसएचची तपासणी त्यातल्या त्यात उत्तम. प्रत्येक यंत्र स्वतःपुरते सुसंगत असते आणि 40 किंवा 0.01 असा आकडा आला तर कुठल्याही यंत्रावर निदान तेच राहते. गोंधळ असतो तो सीमेवरच्या आकड्यांचा. फ्री टी-4 ची गोष्ट जरा अवघड. रक्तातल्या दहा हजार टी-4 रेणूंपैकी मोकळे असतात जेमतेम दोन-तीन, बाकीचे प्रथिनांना चिकटलेले. ते दोन-तीन मोजताना चिकटलेल्यांना धक्का लागू द्यायचा नाही. गरोदरपणात ही प्रथिनेच बदलतात, त्यामुळे त्या काळात फ्री टी-4 चे आकडे पद्धतीगणिक आणखी फाकतात. आणि नेमक्या त्याच काळात आपण या आकड्यांवर सर्वांत घाईने निर्णय घेतो.

पण खरी दैना आहे ती बायकांच्या टेस्टोस्टेरॉनची. हे पुरुषी हॉर्मोन स्त्रीच्या शरीरातही असते, पुरुषाच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्याइतके. नेहमीच्या किटची रचना पुरुषांच्या पातळीसाठी ठीक. बायकांच्या पातळीला ती चाचपडतात. अॅड्रिनल ग्रंथीतून येणारी मिळतीजुळती रसायनेही त्यात मोजली जाण्याची शक्यता असते. 2003 मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी 116 पुरुष, स्त्रिया आणि मुलांच्या रक्तावर दहा वेगवेगळी किट पडताळून पाहिली, मास स्पेक्ट्रोमेट्री या अचूक पद्धतीच्या तुलनेत. स्त्रियांच्या बाबतीत निकाल इतके विस्कळीत होते, की त्याच अंकातल्या संपादकीयाने हे मोजणे अंदाजापेक्षा बरे आहे का, असाच प्रश्न शीर्षकात विचारला. 20 हून अधिक वर्षे झाली. 2023 च्या पीसीओएसविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, की स्त्रियांचे टेस्टोस्टेरॉन शक्यतो मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजा. आपल्याकडे ती सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या लॅबमध्ये, तीही महाग. जिल्ह्याच्या गावात मुलीच्या हनुवटीवर केस दिसले की नेहमीच्या किटवर टेस्टोस्टेरॉन होते, आकडा ‘नॉर्मल’ येतो आणि तिला सांगितले जाते, तुला काही झालेले नाही. किंवा उलट, आकडा किंचित वर येतो आणि आई माझ्यासमोर रडू लागते, कारण पुढच्या आठवड्यात स्थळ येणार आहे. खरे तर पाळी अनियमित असेल आणि चेहऱ्यावर केस दिसत असतील, तर सारखीच लक्षणे देणारे दुसरे आजार नाहीत ना एवढे पाहून पीसीओएसचे निदान त्या आकड्याशिवायही करता येते. डोळ्यांनी जे दिसते ते किटने नाकारायचे आणि आपण ते मान्य करायचे, ही उलटी गंगा कशासाठी?

आता एक प्रसंग. दोन वर्षांपूर्वी एका खासगी दवाखान्यातून पंचविशीची मुलगी आमच्याकडे पाठवली गेली. थायरॉइड वाढल्याचे निदान होते. टीएसएच जवळजवळ शून्य, फ्री टी-4 बरेच वर. रिपोर्ट पुस्तकात छापावा असा. गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झालेले. पण नाडी 72, हाताला कंप नाही, वजन घटण्याऐवजी दोन किलो वाढलेले. थायरॉइड एवढा उसळलेला माणूस खुर्चीत इतका शांत बसत नाही. विचारता विचारता कळले, की केस गळतात म्हणून ती सहा महिन्यांपासून रोज 10 मिलिग्रॅम बायोटिन घेत होती. ऑनलाइन मागवलेले, ‘नैसर्गिक’ असे लिहिलेले. माणसाची रोजची गरज 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे ती गरजेच्या तीनशेपटीहून जास्त घेत होती.

बायोटिन निरुपद्रवी आहे, शरीराला त्याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो यंत्राला. बऱ्याच किटमध्ये प्रतिपिंड जागेवर धरून ठेवायला बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन यांची जोडी वापरतात, कारण ती एकमेकांना विलक्षण घट्ट चिकटतात. रुग्णाच्या रक्तातच बायोटिनचा पूर आला की तेच आधी जाऊन चिकटते आणि हिशेब फिरतो. गंमत अशी, की टीएसएचसारख्या तपासणीत त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो आणि फ्री टी-4 सारख्या तपासणीत खोटाच जास्त. दोन्ही चुका मिळून हुबेहूब थायरॉइड वाढल्याचे चित्र तयार होते. अमेरिकेच्या एफडीएने 2017 मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला होता. हृदयविकाराच्या झटक्यासाठी होणारी ट्रोपोनिनची तपासणी बायोटिनमुळे खोटीच कमी आली आणि तो रुग्ण दगावला, अशी नोंद त्यात होती. आमच्या मुलीचे बायोटिन आणि गोळ्या दोन्ही बंद केले, पुढे पुन्हा रक्त घेतले. सगळे व्यवस्थित. तिला दिलेल्या त्या गोळ्यांनी क्वचित पांढऱ्या पेशी घातक पातळीपर्यंत घसरतात. ती वाचली ते नाडी मोजल्यामुळे. आता काही कंपन्यांनी किट सुधारली आहेत, पण कुठल्या लॅबमध्ये जुने आणि कुठे नवे हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

प्रोलॅक्टिनचीही अशीच फसवाफसवी. काही जणींच्या रक्तात प्रोलॅक्टिन प्रतिपिंडाला चिकटून मोठा गोळा होऊन फिरते. शरीरावर त्याचा फारसा परिणाम नसतो, पण काही किट ते मोजतात, काही मोजत नाहीत. मग निष्कारण मेंदूचा एमआरआय. उलटही घडते. पिट्यूटरीची गाठ खूप मोठी असेल तर प्रोलॅक्टिन इतके प्रचंड असते, की किटचे गळ बुजून जातात आणि आकडा किरकोळ येतो. नमुना पातळ करून पुन्हा मोजला तर खरी पातळी दिसते. गोळ्यांनी विरघळणाऱ्या गाठीवर त्या एका पुनर्तपासणीअभावी शस्त्रक्रिया होऊ शकते.

आणि सर्वांत भयंकर प्रकरण अमेरिकेतले, 1990 च्या दशकाच्या अखेरीस उघडकीस आलेले. गर्भारपणाचे हॉर्मोन एचसीजी काही बायकांच्या रक्तात सतत सापडत राहिले. त्या गरोदर नव्हत्या. म्हणजे गर्भपेशींचा कर्करोग असणार, असे गृहीत धरून त्यांना केमोथेरपी दिली गेली, काहींची गर्भाशये काढली गेली. कर्करोग नव्हताच. त्यांच्या रक्तातले स्वतःचेच प्रतिपिंड किटमधल्या प्रतिपिंडांना जोडून खोटी खूण उमटवत होते. असे प्रतिपिंड लघवीत उतरत नाहीत. साधी लघवीची तपासणी केली असती तरी ती नकारार्थी आली असती. दुसऱ्या पद्धतीने पडताळून पाहिले असते तरी उलगडा झाला असता.

म्हणजे पद्धती वेगळ्या असणे हे नेहमीच संकट नसते. कधी ती सुटकाही असते. अडचण ही, की पद्धत वेगळी आहे हे आकडा वाचणाऱ्याला ठाऊकच नसते.

यात आमच्या घरचे ऐकवायचे टाळले तर लबाडी होईल. काही वर्षांपूर्वी मी ज्या सरकारी रुग्णालयात होते, तिथे हॉर्मोनच्या किटचा ठेका बदलला. नवी निविदा, नवी कंपनी, नवे यंत्र. दर कमी, कागदपत्रे चोख. ओपीडीत कोणालाही काही कळवले गेले नाही. रिपोर्टाचा नमुना तोच, फक्त मर्यादेचे आकडे बदललेले, आणि ते दीडशे केसपेपरांच्या रेट्यात कोण वाचतो? वर्षानुवर्षे गोळीवर स्थिर असलेल्या बायकांचे टीएसएच एकाएकी चढे दिसू लागले. आम्ही 75 चे 100 केले, 100 चे 125. गोळ्या वेळेवर घेत नाही म्हणून काही जणींना दटावलेसुद्धा. जवळजवळ दोन महिन्यांनी जीवरसायनशास्त्र विभागातल्या एका निवासी डॉक्टरने जुने-नवे आकडे तक्त्यात मांडून आणले, तेव्हा डोळे उघडले. त्यातल्या काही जणी साठीच्या पुढच्या होत्या. त्या वयात थायरॉक्सिनचा डोस विनाकारण जास्त झाला तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडे झिजण्याचा धोका असतो. दटावलेल्यांपैकी एक आजी पुढच्या खेपेला म्हणाल्या, ‘म्या एक दिस बी गोळी चुकवली न्हवती, बाई.’ मी त्यांची माफी मागितली.

हे सुधारता येणार नाही असे म्हणणाऱ्यांना मी एचबीए1सी दाखवते. मधुमेहाची ही तपासणी एके काळी अशीच लॅबगणिक वेगळी यायची. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने तिचे महत्त्व सिद्ध केले आणि मग एकसारखेपणा आणण्याचे काम नेटाने झाले. 1996 पासून अमेरिकेत त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, कंपन्यांना आपली किट एकाच मापाला जुळवून घ्यावी लागली. आज नांदेडचा 7.2 आणि नाशिकचा 7.2 यांत फारसा फरक नसतो. टेस्टोस्टेरॉनसाठी अमेरिकेची सीडीसी असा कार्यक्रम चालवते, थायरॉइडसाठी आंतरराष्ट्रीय जीवरसायन महासंघाची समिती बरीच वर्षे खपते आहे. काम सावकाश चालते, कारण मापाचा आकडा बदलला की मर्यादा, डॉक्टरांच्या सवयी, औषधांचे डोस आणि किटची सरकारी मंजुरी हे सारेच हलते.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. आपल्याकडे एनएबीएलचे मानांकन लॅबसाठी ऐच्छिक आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्था बाह्य गुणवत्ता तपासणी चालवतात; तिथून आलेला एकच नमुना अनेक लॅबनी मोजायचा आणि आपण कुठे आहोत ते पाहायचे. त्यात भाग घेणेही लॅबच्या मर्जीवर. माझ्या मते राज्य सरकारने निदान तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. हॉर्मोनच्या प्रत्येक रिपोर्टवर पद्धत, यंत्र आणि रक्त घेतल्याची वेळ आकड्याशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात छापावी. पद्धत बदलली तर पुढचे सहा महिने रिपोर्टवर तसे ठळक लिहावे. आणि सरकारी खरेदीत किटचा ठेका बदलताना जुन्या व नव्या यंत्रावर काही नमुने शेजारी शेजारी मोजून त्याचा तक्ता ओपीडीपर्यंत पोहोचवणे ही निविदेचीच अट असावी. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना शाईपलीकडे खर्च नाही. तिसरीला थोडा आहे, पण दोन महिने चुकीचे डोस लिहिण्याच्या मानाने तो काहीच नाही.

आम्हा डॉक्टरांनीही सीमेवरच्या एका आकड्यावर जन्माची गोळी लिहिणे थांबवायला हवे. गर्भवतींसाठी मार्गदर्शक सूचनांमध्ये टीएसएचची वरची सीमा आधी 2.5 होती. 2017 मध्ये अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने ती सैल केली. स्थानिक मर्यादा उपलब्ध नसेल तर 4.0 धरा, असे सांगितले. आधी त्या भागातली आणि त्या पद्धतीची मर्यादा शोधा, हा त्यातला पहिला भाग आपण सोयीस्कर विसरतो.

वाचकांपैकी जे थायरॉइडच्या गोळीवर आहेत त्यांच्यासाठी थोडे. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये, सकाळी एकाच वेळेला रक्त द्या, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी, नखांसाठी जे काही घेत असाल ते डॉक्टरांना सांगा. बायोटिन असेल तर तपासणीआधी किमान दोन-तीन दिवस बंद ठेवा, मात्रा मोठी असेल तर आठवडाभर. आकडा पटला नाही म्हणून लगेच दुसऱ्या लॅबमध्ये धावू नका. त्याने शंका फिटत नाही, दुप्पट होते. आधीच्याच ठिकाणी सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करा. लक्षणे आणि आकडे अगदीच जुळत नसतील तर दुसऱ्या पद्धतीने पडताळा घ्यायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. आणि कृपया रिपोर्टाचा कागद आणा. व्हॉट्सअॅपवरच्या फोटोत आकडा असतो, तळाची बारीक ओळ नेमकी कापलेली असते.

त्या जोडप्याला मी गोळी सुरू करू नका असे सांगितले आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडांची तपासणी करून घेतली. ती नकारार्थी आली. सात आठवड्यांनी शहरातल्या त्याच लॅबमध्ये, सकाळी आठ वाजता पुन्हा टीएसएच करायचे ठरले आहे. केसपेपरवर मी लॅबचे नाव, पद्धत आणि वेळ लाल शाईने लिहून ठेवली. पाळी चुकली तर तपासणीची वाट न पाहता त्याच आठवड्यात यायला सांगितले आहे. जाताना नवऱ्याने तालुक्याच्या लॅबचा रिपोर्ट चुरगाळून टाकायला घेतला. तो मी परत मागून घेतला आणि केसपेपरला टाचणी लावून ठेवला.